‘आपलंच हाय’ची दुरुस्ती

मी, मोरेश्वर अनंत फणसे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा अर्थशास्त्राची प्राध्यापकी (आता निवृत्त), राहणार महाड, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. एक दिवस ते नव्हते, त्याची हकीकत तिसऱ्या कलमात येईल.

१. महाडचे राहते घर पुतण्या दिनकर यास द्यावे. परसातला फणस तोडू नये.

२. माझा टाइपरायटर पुण्याचे प्रोफेसर गुणे यांस द्यावा. माझ्या ‘तीन अर्थव्यवस्था’ या पुस्तकात मी इंग्लंडची खाजगी मालकी, रशियाची सरकारी मालकी आणि पोलादपूरवरच्या खडकवाडीची सामाईक मालकी यांची तुलना केली. त्या तिसऱ्या व्यवस्थेने मला नाव दिले, हारतुरे दिले. एकट्या गुण्यांनी विचारले, “एक्केचाळीस शेतांना एकच उत्तर कसे?” त्यावरून मी अकरा वर्षे त्यांच्याशी बोललो नाही. प्रश्न बरोबर होता. टाइपरायटरची एक कळ अडकते, ती जरा जोरात मारावी.

३. खडकवाडीचे ‘आंब्याखालचे’ शेत, सव्वा एकर, ठकूबाई यांस द्यावे. ते त्यांचेच होते, आणि माझ्यामुळे गेले.

सन १९२२ मध्ये मी वही घेऊन त्या वाडीत हिंडलो. प्रत्येक बांधावर विचारले, “हे शेत कोणाचे?” प्रत्येकाने सांगितले, “आपलंच हाय.” मी एक्केचाळीस वेळा ‘सामाईक’ असे लिहिले. उत्तर मला फार आवडले होते, म्हणून दुसरा प्रश्न विचारला नाही. इंग्लंड मी पाहिले नाही, रशियाही पाहिला नाही. दोन्हींबद्दल बरोबर लिहिले असे लोक म्हणतात. खडकवाडी तेवढी डोळ्यांनी पाहिली, आणि तेथेच चुकलो.

सन १९३१ मध्ये ठकूबाईंचे यजमान मुंबईस गिरणीत वारले. दीर रावजी म्हणू लागला की शेत भावाच्या वाटणीचे नाही, अजून सामाईक आहे, आणि सामाईकात विधवेला हिस्सा नाही. वाटणी तोंडी झाली होती, कागद नव्हता. पंच बसले. रावजीने माझे पुस्तक आणले होते. वाचता येत नसल्याने ते त्याने उलटे धरले होते. मला बोलावून पंचांनी विचारले, “सायेब, ह्यात लिवलंय ते खरं ना?” ठकूबाई समोर बसल्या होत्या. मी म्हणालो, “छापले आहे ते खरे.” शेत रावजीकडे गेले.

त्याच दुपारी, एवढे होऊनही, ठकूबाईंनी मला ताक दिले. सहज विचारले, “म्हैस कोणाची?” त्या म्हणाल्या, “आपलीच.” त्यांची लेक तुळसा फसकन हसली. “आपली कुठली? म्हस सोनबाकाकाची हाय. पावन्यासमोर माजं-तुजं करायचं नसतं, म्हनून आय तसं म्हनते.”

वाटी माझ्या हातातच राहिली. पंच अजून पारावर होते. उठून चार पावले जायचे होते, ते मी गेलो नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापखान्यात होती. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती सहा वर्षांत कमी झालेली नाही.

गेल्या साली रावजीने शेत विकायला काढले, ते मी घेतले. ते आता ठकूबाईंचे, एकटीचे. भाऊबंद, माझे वारस आणि अर्थशास्त्रज्ञ यांपैकी कोणाचाही त्यावर हक्क नाही.

४. पुस्तकाची पुन्हा आवृत्ती काढू नये. कोणी हट्टाने काढलीच, तर वरील कलम पहिल्या पानावर छापावे. वह्या जाळू नयेत. उत्तरे खरी आहेत, चूक ऐकणाऱ्याची आहे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे स्नेही अजमल देशमुख, दासगावचे भाताचे व्यापारी, यांनी करावी. त्यांनी एकही अर्थशास्त्राचे पुस्तक वाचलेले नाही, म्हणून हा विश्वास.

६. गेल्या सोमवारी अजमलना घेऊन खडकवाडीस गेलो आणि हा मसुदा ठकूबाईंना वाचून दाखवला. शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तवाच बोलला असतात तर तुळसाला मुंबईला कामाला धाडावं लागलं नसतं.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आता कुनी इचारलं, तर काय सांगू?”

“माझं आहे, म्हणा.”

त्यांनी तोंडाला पदर लावला. शेताकडे पाहून हळूच, एकदाच म्हणाल्या, “माजं हाय.” मग माझ्याकडे वळल्या. “पर भाऊसाहेब, तुमी आलाव की आपलंच.”

हे त्यांचे वाक्य मी पूर्ण समजून येथे उतरवले आहे. ते मालकीचा पुरावा म्हणून कोणीही धरू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघा साक्षीदारांसमोर खाली सही केली.

मोरेश्वर अनंत फणसे
(सही दस्तुरखुद्द)

साक्षीदार:
१. गोमाजी विठू साळवी, राहणार बिरवाडी
२. मुख्तार हसन पटेल, राहणार महाड

मुक्काम महाड, गुरुवार, ता. ९ डिसेंबर १९३७