सलालात तोंडातून गेलेला शब्द

५ ऑगस्ट, मस्कत
इथं नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने, सुनीताने, मला घेऊन सलालाला जायचं ठरवलंच. समुद्रकाठचं गाव. इथली माणसं तिकडे पावसाची भुरभुर बघायला जातात, म्हणे. आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला पाऊस दाखवायला ही पोरगी वाळवंटातून नेणार! फोनवर सांगितलं तर सौ. हसत सुटली. ती यायला हवी होती, पण "मेंढरं कुणाच्या जिवावर टाकू?" म्हणून गावी निरगुडसरलाच राहिली.

६ ऑगस्ट, हैमा
इथं स्टेअरिंग डावीकडे. जन्म एसटी चालवण्यात गेला. आता उजवीकडे बसलोय आणि हातात काही नाही. नसलेला ब्रेक दाबून पिंढरी दुखली.
"आबा, पाय सोडा की. गाडी मी चालवतीय."
चालवते झकास. तिला सांगितलं नाही.
रस्ता सरळसोट. ना वळण, ना चहाची टपरी. नुसती वाळू.
मुक्कामाला जेवताना विषय निघाला. सलालात अनीश म्हणून मुलगा आहे. केरळचा. ती काम करते त्याच दवाखान्यात नर्स होता, आता तिकडे बदलून गेलाय.
"तुमी एकदा बगा त्याला. मग लग्नाचं काय ते बोला. नाय म्हणलात तर नाय."
म्हणजे पाऊस हे निमित्त. सौ.ला आधीपासून ठाऊक, म्हणून ते हसू! ताट सारलं. भाषा वेगळी, जात वेगळी, भावकी काय म्हणेल... राग आलाच. आणि सगळं माझ्या एका शब्दावर टाकून पोरगी निवांत झोपली, त्याचा जास्त.

७ ऑगस्ट, सलाला
घाट उतरलो आणि एकदम धुकं, हिरवेगार डोंगर. माळशेजच की! फक्त खाली समुद्र. रस्त्यात उंट उभे, हॉर्नला काडीची किंमत देत नाहीत.
किनाऱ्यावर शहाळ्याच्या टपरीपाशी एक सावळा, उंच पोरगा छत्री घेऊन आला. तोंड उघडायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. पण तो वाकून पाया पडला आणि आपसूक निघालं, "या पावणं, बसा."
झालं!
आमच्याकडे रस्ता विचारणाराही पावणा, एसटीत चढेल तोही पावणा. पण लग्नाची लेक शेजारी उभी असताना त्याचा अर्थ एकच, जावई. सुनीताच्या हातातलं शहाळं हातातच राहिलं. डोळे भरून आले तिचे. "तसं नाही गं" म्हणायला हवं होतं.
संध्याकाळी सौ.चा फोन. बातमी पोचली होती.
"आवो, पावणं म्हणलात म्हणं? मग माझ्या भावाच्या कानावर घालू का?"
"थांब जरा."
"आता काय थांबायचं ऱ्हायलं?"
"अगं, तोंडातून गेलं माझ्या."
मग म्हणाली, "पोरीला नका सांगू तसं. आजच्या दिस तरी."

८ ऑगस्ट
दिवसभर अनीशबरोबर. समुद्र खवळलेला, आत कुणाला सोडत नाहीत. छत्री माझ्यावर धरून चालला, स्वतः भिजला. बोलणं कमी. दुपारी हॉटेलात मासळी. मला काटे जमेनात, तर न विचारता माझं ताट ओढून निवडून दिले. हे सासऱ्याला खूश करायला, असं मनात आलं. पण भांडी उचलणाऱ्या म्हाताऱ्याशीही तो तसाच हळू बोलत होता.
पोरगा वाईट नाही. पण वाईट नाही म्हणून काय सोयरीक करतात?
येताना सुनीता गाडीत गुणगुणत होती. इथं आल्यापासून पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं. आणि जीवही घाबरा झाला, कारण ते गाणं माझ्या चुकीवर चाललंय.

९ ऑगस्ट
सकाळी निघालो. सामान ठेवून झालं, तसा अनीश जवळ आला.
"अंकल, ये पावणं का मतलब क्या है? सुनीता बताती नहीं."
सुनीता डिकी लावत होती. तिचा हात थांबला. आमच्याकडे पाठ होती, पण कान इकडेच.
'मेहमान' म्हटलं की सुटलो. खोटंही नव्हतं ते. तिला कळलं असतं, त्यालाही कळलं असतं, आणि मी मोकळा.
माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, "पहले गाँव आइए. उधर इसकी माँ बताएगी."
डिकी लागल्याचा आवाज आला. सुनीता गाडीत बसली.
'आओ' म्हणणार होतो. जावयाला म्हणावं तसं 'आइए' का म्हणालो, ते सौ. विचारेलच.