जीपवरचं चाडं

२५ सप्टेंबर १९८३, रविवार

पुन्हा आलं! वरच्या वावरातले रताळ्याचे वेल मुळासकट उलटे केलेत. खाल्ली ती खाल्ली, उरलेली नुसती चावून टाकलीत — पसंत पडली नसावीत. शेजारच्या नागोजीनं पहाटे डुक्कर समोरून पाहिलं. डावा सुळा अर्धा. म्हणजे तेच.

दोन वर्षांपूर्वी याच डुकरानं माझ्या धाकट्या भावाचा, भरमूचा, गुडघा फाडला. सुळा मोडला तो भरमूच्या कोयत्यावर. तेव्हापासून भरमू सोप्यात बसून असतो. काठी टेकत परड्यापर्यंत जातो, तेवढंच. वावराचं नाव काढलं की तोंड फिरवतो. आज मात्र विचारलं — "कुठनं आलं?" कितीतरी महिन्यांनी त्यानं आपण होऊन काही विचारलं. मी बाहेर जाऊन उगीच बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलो.

ठरलं. हे डुक्कर भरमूनंच मारायचं.

२७ सप्टेंबर, मंगळवार

भरमूला झाडावरच्या माळ्यावर चढता येणार नाही. मग जीप. लिलावात घेतलेली मिलिटरीची जीप दारात उभी आहेच. रोज संध्याकाळी डोंगराखालच्या पडीक माळावर जीपमधून मका टाकत जायचं. डुकरांना मक्याची सवय लागेल, जीपचीही लागेल. मग एक दिवस मागच्या बाजूला भरमू आणि त्याच्या हातात आमची पीक राखायची बंदूक. वनखात्याच्या परवानगीचा कागद आणला.

बायकोचं म्हणणं — रिटायर झाल्यापासून तुम्ही स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावत बसलाय, त्यापेक्षा हे बरं. जयाबाईच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. बस डेपोतलं अख्खं वर्कशॉप सांभाळलं मी. मका सांडायचं यंत्र ते काय!

१ ऑक्टोबर, शनिवार

बेळगावात एका फिटरकडून पिंप करून आणलं. तळाला फिरती थाळी, तिला ट्रकच्या वायपरची मोटर, बटण पुढे स्टीअरिंगपाशी. दिसायला झकास!

२ ऑक्टोबर, रविवार

थाळी फिरली. मका चौफेर उडाला. त्या चौफेरमध्ये मीही आलो. मग बॅटरी उतरली. नागोजीच्या बैलांनी जीप घरी ओढून आणली, आणि वाटेत भेटेल त्याला नागोजीनं कारण सांगितलं.

३ ऑक्टोबर, सोमवार

बनियनमध्ये अजून मका.

५ ऑक्टोबर, बुधवार

आज रॉकेलचा डबा, बुडाला भोक. मोटर नको, बॅटरी नको. वेशीपासून माळापर्यंत रस्त्यावर मक्याची छान सरळ रेघ पडली. माळावर पोचलो तेव्हा डबा रिकामा. मागे वळून पाहतो तर आमच्या अर्ध्या उचगावच्या कोंबड्या. डुक्कर एकही नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

भरमू हसला! कोंबड्यांचं ऐकून. हसता हसता म्हणाला, पेरायच्या कुरीचं चाडं बसव की. पेरताना ज्यात बी सोडतात ते लाकडी वाडगं, खाली नळ्या. मूठ सोडेल तेवढंच पडणार आणि पाहिजे तिथंच पडणार. हे मला सुचलं नाही याचा राग आला, तो गिळला.

जयाबाई आडवी आली. घरच्या पेरणीच्या चाड्यातून डुकरांना जेवायला घालायचं नाही म्हणाली. शेवटी नागोजीचं जुनं, एका अंगाला चिरलेलं चाडं आणलं. तर त्यालाही तिनं हळदकुंकू लावलंच. चिरेवर लोखंडी पट्टी मारली, जीपच्या मागच्या फळीला बोल्टनं आवळलं, हादरे लागू नयेत म्हणून खाली जुन्या टायरचं रबर. नळ्या जमिनीपासून वीतभर वर. हे मात्र जमलं. 

पण चाड्यावर मूठ कुणी धरायची? जीप मी चालवणार. आमच्याकडे पेरणीला मूठ बायकांची, आणि जयाबाई म्हणाली, "मी डुकरांची पेरणी करायची न्हाय." तेवढ्यात सोप्यातून आवाज आला —

"माझी मूठ मोडल्याली न्हाय."

लिहितानाही डोळे भरून येतायत. येऊ देत, इथं कोण बघतंय!

१३ ऑक्टोबर, गुरुवार

भरमूला गोणपाटावर पाय लांब करून मागे बसवलं. माळावर दोन सरळ ओळी पडल्या. वळणावर मला म्हणतो, "हळू, अण्णा. तास वाकडं जातंय." डुकरांच्या जेवणालाही पेरणीची ओळ सरळ पाहिजे!

१७ ऑक्टोबर, सोमवार

मका साफ. माळभर खुरांचे ठसे. भरमूनं जीपमधूनच वाकून पाहिले आणि यात पिल्लंही आहेत म्हणाला. खुशीत होता.

२२ ऑक्टोबर, शनिवार

कळप आला. जीपपासून हाकेच्या अंतरावर, इंजिन चालू असताना! मोडका सुळा त्यात नव्हता. भरमूनं बंदूक मांडीवरून उचललीच नाही.

परतताना वावरात जीप थांबव म्हणाला. आपला आपण खाली उतरला, काठी टेकत रताळ्याच्या सरीपर्यंत गेला, आणि बांध नीट घातलेला नाही म्हणून मला बोलला. दोन वर्षांनी वावरात पाय ठेवला आणि पहिलं काम काय, तर मला बोलणं. इतकं बरं मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

वाईट झालं. मोडका सुळा गेला.

रात्री नागोजीच्या बिनकठड्याच्या विहिरीत पडलं. पहाटे त्याच्या माणसांनी दगड घालून संपवलं. मला बोलावणं आलं, जाऊन पाहिलं. तेच! लोक खुशीत, आणि मला घरचं कुणी गेल्यासारखं झालेलं. भरमूला कळलं तर तो उद्या जीपमध्ये कशाला बसेल? परत सोपा, परत भिंतीकडे तोंड.

नागोजी मटणाचे वाटे घालत होता. आमच्या गल्लीची रीत अशी की, डुकरानं ज्याला फाडलंय त्याच्या घरी पहिला वाटा. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, आमचा वाटा नको आणि भरमूच्या कानावर काही घालू नको. नागोजी म्हणाला, "रीत मोडतीया, परशराम." मोडू दे म्हणालो. मग मका आणायच्या निमित्तानं दिवसभर बेळगावात हिंडलो. घरी थांबलो असतो तर माझ्या तोंडावरूनच कळलं असतं.

२९ ऑक्टोबर, शनिवार

मका टाकला. मीच म्हणालो, आज नाही आलं, उद्या येईल. भरमू म्हणाला, "यील की. घाई काय हाय?" भावाशी खोटं बोलणं जड जातं. पण येताना परत वावरात उतरला.

२ नोव्हेंबर, बुधवार

गल्लीत कुणी तोंड उघडत नाही. एवढं मोठं डुक्कर सगळ्यांनी खाल्लं आणि ब्र नाही! नागोजीला मी उगीच कमी लेखत होतो.

६ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचे डबे मी रचत होतो, तेव्हा जयाबाईनं सांगून टाकलं. नागोजीनं वाटा त्याच दिवशी मागच्या दारानं पाठवला होता. मी बेळगावात होतो. भरमूनं दोनदा वाढून घेतला, आणि तिला बजावलं —

"अण्णाला सांगू नगं, वैनी. त्याला दुसरा उद्योग न्हाय. जीप थांबली तर माणूस खचंल."

पाच वाजता बाहेर हॉर्न वाजला. भरमू आधीच जाऊन बसला होता. मक्याचं पोतं घेतलं आणि गेलो.