गळवाचा बंदोबस्त

३ मार्च, सकाळ
जिथे बसतो नेमकं तिथेच गळू. मी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, बसणं हाच धंदा. त्यात शुक्रवारी मुख्य प्रशिक्षकाची मुलाखत. ही म्हणते, डॉक्टरकडे जा. कशाला? कपाटात मागच्या घसादुखीच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या आहेत. बंदोबस्त सुरू.

४ मार्च
बरंच बरं. गोळ्या बंद. शरीराला सवय लागायला नको. क्लच शिकवताना उजवीकडे कललो, तर शिकाऊ बाईंनी गाडीच उजवीकडे वळवली. कुंपण थोडं वाकलं. बाईंचं लक्ष नसतं.

५ मार्च
गळू लिंबाएवढं. मेव्हण्याकडून दुसऱ्या गोळ्या आणल्या. नाव वेगळं, रंग वेगळा. जंतू गाफील सापडणार.

६ मार्च
ताप. तो गळू उतरणीला लागल्याचाच असणार. हिने परस्पर धाकट्या बहिणीला बोलावलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते. पू तपासायला घेऊन गेली. जाताना हसली.

७ मार्च
मुलाखत उभ्याने दिली, आदर म्हणून. साहेब म्हणाले, बसा हो. बसलो. जो आवाज निघाला, त्याला उत्साह समजले असतील.

८ मार्च
मेहुणी रिपोर्ट घेऊन आली. म्हणाली, "भावोजी, रायबोसोम म्हणजे जंतूचं प्रथिनं बनवायचं यंत्र. औषध त्यात जाऊन बसतं आणि यंत्र बंद पाडतं. पण तुमच्या जंतूकडे एक एन्झाइम आहे. ते नेमक्या त्याच जागेवर छोटासा रासायनिक तुकडा चिकटवतं. मग औषधाला बसायलाच येत नाही."
मी म्हटलं, मलाही येत नाही.
मग दुसऱ्या गोळ्या? त्याही त्याच जागी बसणाऱ्या, म्हणाली. वर पहिल्या गोळ्यांनीच ते एन्झाइम जागं केलं असेल. म्हणजे जंतूला इशारा मीच दिला. हिने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. तेच जास्त लागलं.

९ मार्च, संध्याकाळ
डॉक्टरांनी गळू चिरलं. गोळ्या आता वेगळ्या, दुसरीकडे बसणाऱ्या. पालथा पडून लिहितोय. साहेबांचा फोन आला, जागा दुसऱ्याला दिली. मेहुणी मात्र खूश. माझा जंतू लॅबने फ्रीजरमध्ये जपून ठेवलाय, विद्यार्थ्यांना शिकवायला. शेवटी शिक्षणक्षेत्राला माझी किंमत कळली. मी म्हटलं, दोन शब्द बोलायला येऊ का?
नको म्हणाली. जंतू पुरे.