क्रांतीनंतर काकू कुठे बसणार?

प्रिय काकू,

शांघायमध्ये मला क्रांतीवर लिहिणारा मोठा लेखक म्हणतात. त्यांना काय ठाऊक, माझी मास्तरीण तू!

सम्राटाचं राज्य गेलं त्या वर्षी सम्राटाच्या हुकमाने पुरुषांना ठेवावी लागणारी वेणी कापून मी घरी आलो. पूर्वजांच्या नैवेद्याचा दिवस होता. आधी पूर्वज जेवले, मग आम्ही पुरुष. मी समतेवर तावातावाने बोलत होतो. तू भाताचं भांडं घेऊन उभी होतीस. विचारलंस, "बाळा, तुझी क्रांती झाल्यावर मी कुठे बसू?"

"बसतेस तिथंच, चुलीपाशी! भात वाढ," काका खेकसले.

तेव्हापासून लिहिलेल्या प्रत्येक पानाला मी तुझाच प्रश्न विचारतो. बरीच पानं फाडावी लागतात. उरतं ते तुझ्यामुळे. फार उपकार आहेत गं तुझे.

पत्र मात्र पाठवत नाही. तुला वाचता येत नाही; काकाच वाचून दाखवतील, आणि तू ते उभ्यानेच ऐकशील.

तुझाच,
बोयान