पहिले कार्ड काढा

अंबड, मंगळवार

चि. काकासाहेब,

तुझ्या अडतीवर सोमवारपासून नवा मुनीम येणार, त्याला कॉम्प्युटर नाही, तेव्हा मला दिलेला जुना कॉम्प्युटर भिवाच्या टेम्पोत घालून परतूरला परत पाठवावा, असा तुझा निरोप काल आला, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. फोन केला असता, पण फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि हे प्रकरण अर्ध्या वाक्यात मावणारं नाही. तुला आणि नंदाला आशीर्वाद. गुडघा कसा आहे? नंदा सांगत होती की साखर पुन्हा वाढली आहे आणि तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाबरोबर चहा पितोस. (पीत जाऊ नकोस. सांगून उपयोग नाही, पण सांगितल्याची नोंद असावी.) माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त डाव्या हाताचं मधलं बोट दुखतं. ते का, हे पुढे येईलच.

आधी हे आठव की कॉम्प्युटर मी मागितला नव्हता. दुकानात नवा आल्यावर तूच म्हणालास, "अक्का, घेऊन जाय हे, न्हाई तं भंगारवाला किलोवर नेऊन राह्यला." मी नेला, त्यावर कापड घातलं आणि विसरून गेले. मग दिवाळीला पुण्याला सोमेश्वरकडे गेले. त्याची पिऊ आता नववीत आहे. या नातीशी माझं फोनवरचं बोलणं कसं होतं ते सांगते. जेवलीस का? हं. अभ्यास? हं. आईला दे. यातलं शेवटचं वाक्यही मीच म्हणते. आणि दिवाळीत पाहते तर तिच्या बंद खोलीतून धबधब्यासारखं बोलणं चाललेलं. वाटलं मैत्रीण आली असेल, म्हणून चिवड्याच्या दोन बशा घेऊन गेले. आत पिऊ एकटी, कानांना हेडफोन, समोरच्या पडद्यावर ट्रक. कोल्हापूरची कोणी मुलगी दुसरा ट्रक चालवत होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलंही नाही. माल पोचवायचा आणि वाटेत बोलायचं. मला वर्षभरात मिळणारं सगळं बोलणं तिथे एका खेपेत खर्च होत होतं. मी दुसऱ्या बशीतला चिवडा खात तिथेच बसले. त्या ट्रकमध्ये असं काय आहे की माणसाचं तोंड उघडतं, ते मला कळेना, आणि न कळलेली गोष्ट मी सोडत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी म्हटलं, मलाही एक ट्रक हवा. पिऊ हसून म्हणाली, "आजी, परतूरच्या आजोबांच्या त्या डब्यावर हा गेम उघडणार पण नाही." डबा म्हणाली. मी अंबडला येऊन कापड काढलं.

आपल्या सुगनचंदजींचा पारस, जो कापडदुकानाच्या निम्म्या भागात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला फोन केला. (तुझ्या अडतीचा तो डबाही त्यानेच विकला होता, त्यामुळे त्याला त्याची कुंडली पाठ.) तो म्हणाला, "काकू, ते ऑफिसचं मशीन हाय. गेमला ग्राफिक्स कार्ड लागतंय. तुम्ही पहिले कार्ड काढा, मंग मशीन घेऊन या, बिलकुल जमून जाईल."

आता तू मला सांग, जिने सगळी नोकरी तहसीलच्या पुरवठा शाखेत केली, पिवळी, केशरी आणि पांढरी अशी अर्ध्या तालुक्याची रेशनकार्डं काढली, तिला "पहिले कार्ड काढा" असं सांगितल्यावर ती काय करील? मी आधारची झेरॉक्स घेतली, दोन फोटो घेतले, रहिवासाचा पुरावा म्हणून लाइटचं बिल घेतलं आणि सेतू केंद्रात गेले. तिथे प्रीती नावाची मुलगी बसते, हुशार आहे. तिने विचारलं, मॅडम, हे कार्ड केंद्राचं की राज्याचं? मी म्हटलं, खेळाशी संबंध आहे, तेव्हा क्रीडा खात्याचं असावं. तिने बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, साइट डाऊन आहे, उद्या या. (आपल्याला माहीत नाही असं म्हणण्यापेक्षा हे बरं, हे मीही नोकरीत शिकले होते.) रांगेत माझ्या मागे सर्जेराव उभा होता, त्याने हळूच विचारलं, "बाई, ह्याच्यावर काय काय भेटतंय?" मी म्हटलं, ट्रक. त्याने लगेच दोन फोटो पुढे केले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले तेव्हा ग्राफिक्स कार्डासाठी रांगेत आठ-दहा माणसं होती आणि एक बाई विचारत होती की दोन मुलींच्या नावावर दोन ट्रक होतात का. तिथे मला पहिल्यांदा शंका आली.

पारसला गाठलं. तो खुर्चीतून घसरेपर्यंत हसला. "काकू, काढा म्हंजे बाहेर काढा! आतमधी काकासाहेबांच्या प्रिंटरचं कार्ड हाय, ते पहिले काढा, मंग जागा होईल!" सुगनचंदजी गादीवरून उठून आले, त्यांना सांगितलं, तेही हसले, मग गिऱ्हाईक हसलं. मी उभी होते. हसणं आवरल्यावर मी पारसला एवढंच सांगितलं की मी नोकरीभर लोकांची कार्डं काढली, पण एकाच्याही पोटातून काढली नाहीत. भाषा नीट वापरावी. मग सेतूत जाऊन त्या सगळ्यांना घरी पाठवलं. सर्जेराव अजून मला पाहिलं की विचारतो, कार्डाचं काय झालं.

डबा मात्र मी स्वतः उघडला. पारसकडून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि ओसरीत वर्तमानपत्र अंथरलं. काकासाहेब, तुझ्या अडतीत धान्याची घट कुठे जाते याचा तपास लागला आहे. आत तुरीची टरफलं होती, सोयाबीन होतं, एका कोपऱ्यात पालीचं रिकामं अंडं होतं, आणि पंख्यावर धुळीची अशी गोधडी होती की तो फिरत होता हेच नवल. रंगाच्या ब्रशने सगळं स्वच्छ केलं. मग एकेका वस्तूकडे पाहत बसले. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं तेव्हा आम्हाला ट्रान्झिस्टर कपाटातून लांबून दाखवायचे. इथे त्यांची अख्खी वस्ती माझ्या मांडीवर होती.

खर्चाला मर्यादा मीच घातली. सोमेश्वर दरवर्षी दिवाळीच्या साडीचे पैसे पाठवतो, तेवढ्यातच बसवायचं. पारसने पहिल्यांदा आणलेलं कार्ड उंच निघालं, झाकण बसेना. तो म्हणाला, झाकण उघडंच राहू द्या, हवा लागेल. मी घरात दुधाचं पातेलं उघडं ठेवत नाही, हे कसं ठेवीन? शिवणाच्या टेपने माप घेतलं आणि त्याला बुटकं कार्ड मागवायला लावलं. शिवाय डब्याला वीज पुरवणारा भाग अशक्त, म्हणून कार्ड असं हवं की जे वेगळी वायर मागत नाही, मिळेल तेवढ्यात भागवतं. हे मी पुस्तिका वाचून काढलं. (इथे 'काढलं' म्हणजे शोधलं. पारसला हेही समजावलं.) तसं जुनं वापरलेलं कार्ड जालन्याहून आलं. मेमरी वाढवली, घरघर करणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी नवी बिनआवाजाची बसवली, आणि साडी संपली. यंदा कोणती घेतली असं कोणी विचारलं तर मी म्हणते, चौकोनी.

आणि गेम उघडला. चित्र थोडं अडखळतं, झाडं उशिरा उगवतात, पण ट्रक चालतो. पहिल्या दिवशी मी नियमाने डाव्या बाजूने निघाले आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी माझ्या अंगावर आली. हा खेळ परदेशातला आहे आणि तिकडे उजवीकडून चालवतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एवढा दंड झाला की खेळातली माझी ट्रक कंपनी बुडायची वेळ आली. पिऊ तिकडे पुण्यात हेडफोनमध्ये किंचाळत होती, "आजी, राइटला, राइटला!" मी म्हटलं, मी राइटच आहे, ते राँग आहेत. ती एवढी हसली की तिचा ट्रक कालव्यात गेला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी माल पोचवतो. (बोट दुखतं ते पुढे जायचं बटण दाबून.) समोर रस्ता असला की कोणाच्या तोंडाकडे पाहायचं नसतं, म्हणून बोलता येतं, हे त्या ट्रकचं रहस्य मला सापडलं. गेल्या आठवड्यात एका लांबच्या खेपेत पिऊने मला जे सांगितलं ते तिने आईबापांना सांगितलेलं नव्हतं. काय ते इथे लिहिणार नाही. घाबरू नकोस, वाईट काही नाही, चौदाव्या वर्षी जड वाटेल तेवढंच होतं. मी काही उपदेश केला नाही. सिग्नल होता, थांबायचं होतं. आम्ही दोघी थांबलो. नंतर तीच म्हणाली, आजी, उद्या किती वाजता?

तर असा तो कॉम्प्युटर आहे. तो परत मागतोस, म्हणजे काय परत मागतोस, याचा विचार कर.

नंदाला सांग, लोणच्याची बरणी पोचली.

तुझी,
उषाअक्का

ता. क. मुनिमाची सोय मी लावली आहे. पारस सांगतो की तुझा नवा कॉम्प्युटर फार ताकदीचा आहे आणि तू त्यावर भाव बघतोस आणि लग्नांचे व्हिडिओ. तो दिवसभर मुनिमाला दे. बाजार उठल्यावर मात्र रिकामा ठेव.

ता. क. २. रिकामा कशाला, ते आता सांगते. माल पोचल्यावर ट्रेलर उलटा नेऊन धक्क्याला लावावा लागतो. ते ना पिऊला जमतं ना मला. काल आम्ही एका गोदामाचा खांब पाडला. अडत सुरू करण्याआधी तू कापसाचा ट्रक चालवायचास, आणि शहागडला पुलाजवळच्या बोळातून तो भरलेला ट्रक तू एका हाताने, बिडी ओढत, मागे घेतला होतास, हे मी पिऊला सांगितलं. तिचा विश्वास बसत नाही. ती म्हणते, परतूरच्या आजोबांना घेऊन ये, बघू. तुझ्या नावाने ट्रक काढून ठेवला आहे. (इथे 'काढून' म्हणजे तुझ्यासाठी राखून.) बिडी चालणार नाही.

भिवाच्या हाती दिलेल्या वस्तू: प्रिंटरचं कार्ड, एक, पोटातून काढलेलं, जुनी मेमरी, दोन पट्ट्या, हार्ड डिस्क, एक, तुझ्या हिशोबासह, न उघडता, धान्य, मिश्र, एक पुडी, हेडफोन, एक, नवा, परत करायचा नाही. भिवाने सही करताना विचारलं, "अक्का, कॉम्प्युटर कुठंय?" त्याला सांगितलं, पत्रात आहे. मोजून दिलं, मोजून घेतलं. शेरा: कॉम्प्युटर दिला नाही. चालक कामावर हजर झाल्यावर अर्जाचा विचार होईल.