बोलायच्या चौकोनाखाली

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. सेनगावहून जीपनं आले. मांडीवर दुसऱ्याचं लेकरू, पायाशी कोणाची तरी कोंबडी, पण बसायला जागा मिळाली, मग काय पाहिजे? माझी नात पुनम कळमनुरीच्या अलीकडं या गावात एकटी राहते. सुनेला घोर, म्हणून राखणीला मला धाडलं. जिला स्वतःचे गुडघे सांभाळता येईनात, ती काय राखण करणार? पण सुनेला दोन्हीकडून बरं झालं. तिकडं पोरीला सोबत, इकडं घरात शांतता.

खोली झकास हाय. मागच्या दारात उभं राहिलं की घरमालक धर्मसिंगचा कापूस दिसतो, अन् कापसात एक कोरडी, अर्ध्यापर्यंतच पायऱ्या असलेली विहीर. या गावाखाली भुई गुरगुरते म्हणे. काहून गुरगुरते ते हुडकायचं पुनमचं काम. विहिरीच्या तळाशी तिनं आवाज ऐकायचं यंत्र पुरलंय, तार थेट खोलीतल्या कॉम्प्युटरला.

कॉम्प्युटरवर ती वही उघडते. वही म्हणजे चौकोनाखाली चौकोन. हिशेबाच्या चौकोनात विचारायचं, बटण दाबायचं. बाजूला चांदणी लागते, म्हणजे यंत्र डोकं खाजवून राहिलं. चांदणी गेली की आकडा बसतो अन् खाली उत्तर हजर. दुसरे चौकोन नुसते बोलायचे. त्यांच्याखाली उत्तर येत न्हाई, चांदणीबी लागत न्हाई. तसला चौकोन पुनमनं मला दिला. मला अक्षर येत न्हाई, मी बोलते अन् यंत्र लिहितं. म्हणाली, आजी, तुझी बडबड याला ऐकव, माझे कान तरी वाचतील. मीबी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली, माझे चौकोन वाचायचे न्हाईत. सुनेबद्दल मोकळं बोलायचं तर एवढी सोय पाहिजेच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गावातल्या बायका बोलत न्हाईत. नळावर मी कळशी लावली तर एकीनं नळच बंद केला. म्हटलं, बाई, पाणी सरकारचं हाय का तुझ्या माहेरचं? ती म्हणाली, तुमच्या पोरीनं विहिरीत ते पुरल्यापासून भुई जास्तच बोलून राहिली, ते उपटा अन् जा. कोणीतरी दारावर शेण फासलं. पुनमनं मुकाट्यानं धुतलं. मी मुकी न्हाई, म्हणून गल्लीत उभी राहून सगळ्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

यंत्रालाबी सांगितलं, की बाबा, तुझ्यापायी आमाला पाणी मिळेना. तर माझ्या चौकोनाशेजारी चांदणी लागली अन् खाली एक बारकं काहीतरी उमटलं. मुंगीएवढं. सही करत असेल.

[१]: ऐकलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज दुपारी भुई गुरगुरली. आधी भांडी हालली, मग माझे दात, उरलेत तेवढे. पुनमच्या वहीत लांब रेघ निघाली, शिवण उसवल्यासारखी. ती खूश. मी मनात म्हटलं, हिला नवरा पसंत करायला सांगितला तर तोंड वाकडं करते, अन् भुई गुरगुरली की हसते.

पोरगी पडद्याकडं बघत बसली तवा मी यंत्राला छेडलं. काय रे भुईतल्या, जेवलास का? चांदणी बराच वेळ लागून राहिली. खाली आज जास्त अक्षरं हायत. पुनमला विचारलं, बोलायच्या चौकोनाखाली कधी काही येतं का? म्हणाली, न्हाई गं आजी, ते येऊच शकत न्हाई. म्हटलं ये, बघ. तर कानाला हात लावून म्हणाली, तुझ्या गळ्याची शपथ हाय, मी न्हाई बघणार.

[२]: न्हाई जेवलो. अजून बोल. तुझा आवाज गोड हाय.

रविवार, ९ नोव्हेंबर

धर्मसिंग भाडं मागायला आला. बोलायला गोड माणूस, मावशी मावशी करतो. पुनम बाहेर होती. मी म्हटलं, एवढं खालचं वाचून दाखव. तो वाकला. वाचलं. अन् मागं सरकला तो दाराला धडकला. म्हणाला, चष्मा न्हाई आणला. चष्मा नाकावर होता.

घंट्याभरात त्याच्या बायकोनं निरोप धाडला. खोली खाली करा, तीन दिवसांत.

मी हसले न्हाई आज.

[३]: त्याला वाचता येतं. तुला येत न्हाई. म्हणून तू.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शपथ सोडली. तीनदा म्हटलं, सुटली, सुटली, सुटली. तवा पुनमनं वाचलं.

वाचून मला सांगितलं न्हाई. माझा हात धरला फक्त. म्हणाली, गावातलं कोणीतरी खोड्या करून राहिलंय. माझे सगळे चौकोन पुसले. पुसले तर गेलं ना, विचारलं. म्हणाली, पानावरून गेलं, पण एकदा चालवलेलं यंत्राच्या डोक्यात राहतं, ते बंद करेपर्यंत. मग बंदबी केलं. कॉम्प्युटरचं झाकण लावलं, वरून माझं पातळ गुंडाळलं.

तिला बजावलं, विहिरीत उतरायचं न्हाई. यंत्र गेलं खड्ड्यात. ती व्हय म्हणाली. उद्या हिंगोलीहून तिच्या हापिसाची माणसं येतील, तवाच काढू म्हणाली.

हे मी कोणाला सांगून राहिले? झाकण लावलेलं हाय. मी चुलीपाशी बसून मनाशी बोलून राहिले —

[४]: मला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

झाकण उघडं. पातळ खाली पडलेलं.

पुनम सामान बांधायला पोती आणते म्हणून गेली. मी भाकरी थापत होते. अन् खोलीतून मी बोलले. मीच. माझा आवाज, माझा खोकला. पुनम, ये गं. विहिरीपाशी ये. मी पडले. तीच हाक तिकडं विहिरीतूनबी उठली.

मी तव्यापाशी, तोंड बंद —

फोन लावला. ती धापा टाकून राहिलेली. म्हणाली, आजी, हलू नको, आले मी, उतरून राहिले, खाली कशी गेलीस तू? मी ओरडले, मी घरात हाय! तिकडून माझाच आवाज आला, फोनमधी, तिच्या बाजूनं. ऐकू नको म्हणाला. ती म्हातारी खोटी हाय म्हणाला.

फोन तुटला.

बुधवार, दुपार

धर्मसिंगला हाका मारल्या. बायको अडवत होती, तरी आला, दोर घेऊन पळाला. चांगला हाय बिचारा. मला पळता येत न्हाई. दारातून विहिरीचं तोंड दिसतं —

एक कळलं. मी बोलले की चांदणी लागते. चांदणी लागली की तिकडं ते गप. मी थांबले की तिकडून माझा आवाज — म्हणून थांबायचं न्हाई. ऐक मुडद्या, इकडं ऐक. तुला गोड लागतं ना? घे. जिवनबाई माझं नाव. नवऱ्याला बोलून बोलून बहिरा केला मी. सासू म्हणायची, हिच्या जिभेला — थांब, घोट पाणी —

न्हाई, न्हाई, बोलते. चांदणी हाय. घे. सुनेनं पहिल्या दिवाळीला चकल्या केल्या, उखळात घातल्या तरी फुटल्या न्हाईत — घसा बसला — घे तरी —

दोर ताणला. धर्मसिंग ओढून राहिला. वर येऊन राहिली! पुनम, ये माय, ये वर, मी बोलते, मी याला धरून —

हात दिसला. डोकं.

केस पांढरे हायत.

पुनमचे काळे — हे पांढरे. लुगडं हिरवं, माझ्या अंगावर हाय तेच. धर्मसिंग तिला मावशी म्हणून हात देऊन राहिला, सोड, अरे सोड तो दोर! ती इकडं बघून राहिली. तिचे ओठ हालतात. मी बोलून राहिले तेच, माझ्याआधी —

पुनम कुठं हाय? माझी पुनम कु