ज्यांचं बसणं एक

आये, मी तुझ्या नातीला घेऊन घरी आलेय. आवणी, भाताची लावणी, उरकल्यावर आलेय, म्हणजे सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर पाहुणी दारात. दादानं पिशवी आत नेली, वहिनीनं चहा पुढे केला, आणि मी ओटीवर भिंतीला पाठ टेकून जी बसले ती बसलेच आहे. ताप नाही, दुखत-खुपत काही नाही, नुसती दमलेय. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की औषध काही नाही, काही दिवस लॅपटॉप उघडू नका. तू असतीस तर म्हणाली असतीस, "खुर्चीत बसून कोनी दमतं काय गं?" इतक्या वर्षांत मला याचं धड उत्तर सुचलेलं नाही. म्हणून आज तुला माझं काम सांगते, म्हणजे उत्तर आपोआप येईल.

तू गेलीस तेव्हा आपल्या पाड्यावर एकही फोन नव्हता. आता घरोघरी आहे, पण रेंज मिळते ती टेकडीवरच्या सादड्याच्या झाडाखाली. पावसात वीज गेली की तिचा भरवसा नाही, म्हणून वहिनी फोनची बॅटरी मिठासारखी पुरवून वापरते. माझं काम त्या बॅटरीचंच आहे. फोनच्या आत काम करणारी एकच बाई नसते, आये, अख्खी टोळी असते. त्यांना आम्ही कोअर म्हणतो. काही कोअर तगडे, झपाट्यानं काम उरकणारे, पण वीजही तशीच खाणारे. काही सावकाश, काटकसरी, दिवसभर थोडं थोडं करत राहणारे. कुणाला काय काम द्यायचं आणि कुणाला कधी झोपवायचं, हे फोन चालवणारा मुख्य प्रोग्रॅम ठरवतो. मी त्या प्रोग्रॅमला टोळीची ओळख करून देते. हा अमुक, याला इतकी वीज लागते, हा तमक्याबरोबर झोपतो. बस्स, एवढंच. एवढ्यावर माझे केस पांढरे झाले.

कारण खरी बचत एकेकाला झोपवून होत नाही. काही कोअर मिळून एका गटात असतात, त्यांना वीज पुरवणारं बटण एकच असतं. गटातले सगळे झोपले तर ते बटण बंद करता येतं, त्यांची सामाईक जागा अंधारात ठेवता येते. एक जरी जागा राहिला तर सगळ्या गटाचा दिवा चालू. इथंच आमचं घोडं पेंड खात होतं. या वर्षी जी चिप आली तिच्यात दोन तगडे आणि दोन काटकसरी कोअर एकाच बटणावर बसवलेले होते, आणि आमचा जुना प्रोग्रॅम धरून चालला होता की तगड्यांचा गट वेगळा आणि काटकसऱ्यांचा वेगळा. तो बिचारा पावलं मोजण्यासारखं किरकोळ काम एखाद्या काटकसरी कोअरला द्यायचा आणि समजायचा की तगडे आता गाढ झोपले. प्रत्यक्षात त्या एकापायी तगड्यांचाही दिवा रात्रंदिवस चालू. फोन खिशात नुसता पडून आणि बॅटरी मात्र संपलेली. आम्ही सगळे कित्येक आठवडे भलतीकडेच शोधत होतो. गट पाडताना प्रकार बघायचा नव्हता, झोपणं कुणाचं एकत्र आहे ते बघायचं होतं.

ते कळलं तेव्हा मला आपलं खाचर आठवलं. आता गावी सगळ्यांना वाटेल की आईच्या शहाणपणामुळे पोरीला कोडं सुटलं. तसं काही झालेलं नाही. कोडं टेस्टिंगमधल्या एका मुलीनं सोडवलं आणि मी तिच्या पाठीवर थाप मारली. तू मला आठवलीस ती सगळं सुटल्यावर, आणि आठवून मला कौतुक वाटण्याआधी रागच आला.

आवणीला आपल्याकडे सावड असायची. आज आमच्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात आम्ही. बायकांच्या ओळी तू लावायचीस. बाकीच्या घरी चपळ हातांची ओळ वेगळी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची वेगळी. तू मात्र अंगावर पाजणाऱ्या सगळ्या एका ओळीला लावायचीस, मग ती पोशेऱ्याहून माहेरी आलेली चपळ पोर असो की आपली गोगलगाय मावशी. झोळीतलं एक पोर रडलं की बाकीची रडणारच, तर उठू दे सगळ्यांना एकदम, पाजू दे, पुन्हा एकदम वाकू दे. कुणीतरी कुरकुरलं होतं की हिच्यापायी आमचा हात अडतो. तू चिखलातून मान वर न करता म्हणालीस, "ज्यांचा बसना एक, त्यांची वळ एक. हात मंगं बगू." मी तेव्हा मुठी वाहत होते. रोपांच्या त्या ओल्या जुड्यांनी माझी मान भिजलेली असायची, आणि तुझा हा हिशेब मला फार हुशारीचा वाटायचा.

पण तू स्वतः कुठल्या ओळीत होतीस, आये? तू सगळ्यांत होतीस. पाजणाऱ्या बसल्या की तू म्हाताऱ्यांच्या ओळीत, त्या बसल्या की पलीकडे. आणि आपल्याकडची रीत अशी की खाचराची मालकीण वाकलेली असेपर्यंत बाकीच्यांनी पाय पसरायचे नाहीत. बसल्या तरी त्या उकिडव्या, केव्हाही उठायच्या तयारीत. भाकर खाताना डोळे तुझ्याकडे. शेजारची काकी एकदा वैतागून ओरडली होती, "तू बसं नाय, त आमी कशा बसू गं? आमाला काय मानसा समजतीस का बैला?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस, आणि वाकलेलीच राहिलीस. घरातही तेच. तू चुलीपाशी उभी, म्हणून बाबा उगीच दोर वळत बसलेले, दादा जागा, मी जागी. आम्ही कुणी तुला घाबरत नव्हतो. तू उभी असताना आम्हांला आडवं होता येत नव्हतं, इतकंच.

हे मी कुठल्या तोंडानं सांगतेय तेही ऐक. मागच्या महिन्यात तुझी नात रुसून बसली. मी म्हटलं, अगं, मी बसलेय ना तुझ्याजवळ. तर म्हणाली, "लॅपटॉप उघडून बसतेस ते बसणं नसतं, आई." तिचे बाबा भांडी विसळत होते. त्यांनी नंतर मला सांगितलं, मी जागी असले की घर झोपतच नाही, सगळे नुसते डोळे मिटून पडतात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, मी घरासाठीच करते ना? हे वाक्य तुझं आहे, शब्दन्‌शब्द तुझं.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसात आमच्या साहेबांनी विचारलंय की नव्या चिपचं काम सोडून जुन्या फोनच्या देखभालीकडे जाता का. तिथं घाई नसते, सहा वाजता दिवे बंद होतात. साहेबांनी चांगुलपणानं विचारलं, पण आमच्याकडे देखभाल म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. नवं काम पुन्हा मिळत नाही. मोखाड्याच्या आश्रमशाळेतून निघून, जव्हारच्या वसतिगृहात डाळीतलं पाणी पिऊन मी तिथवर पोचले, आणि आता आपल्या पायांनी ओळीतून बाहेर पडायचं. सोमवारच्या आत कळवायचं होतं. न कळवावं तर घर असंच चालू राहणार, कळवावं तर मी संपले असं वाटत राहणार. इथं आले ती त्यासाठीच.

तुझी शेवटची आवणी माझ्या डोळ्यांसमोर आहे. जव्हारच्या डॉक्टरांनी तुला चिखलात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलंय, तुझ्या पावलांवर सूज आहे, आणि मी सुट्टीवर घरी आलेय. तू बांधावर उभी आहेस, इरलं डोक्यावर, एक पाय खाचराकडे. तेवढ्यात काकी येते, तुझ्या दंडाला धरते आणि तुला खाली बसवते. "बस आता. उटलीस त पाय बांधीन." तू बसतेस. आणि मग, आये, सगळ्या ओळी बसतात. पाजणाऱ्या, म्हाताऱ्या, सगळ्या. पाय लांब सोडून, चिखलाचे हात तसेच मांडीवर. कुणी मशेरी काढते, कुणी नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी फिरवते, कुणीतरी गाणं धरते. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवते. इतकी मोठी झाल्यावर पहिल्यांदाच, कारण तुझी मांडी कधी रिकामी सापडायचीच नाही. तुझा ओला हात माझ्या केसांत आहे. तू खाचराकडे बघत पुटपुटतेस, "आता माझा काय उपेग?" वरून माझ्या गालावर काहीतरी पडतं, आणि ते पावसाचं नाही हे मला कळतं. भात कापणीला येण्याआधी तू गेलीस.

आज सकाळी सादड्याखाली जाऊन मी साहेबांना होकार कळवला. परतताना पायवाटेवर तुझंच ते बांधावरचं वाक्य माझ्या तोंडात आलं आणि मी दगडावर बसून रडले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तू हयात असतीस तरी तुला कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पुढचं काही दुसऱ्याच्या तोंडून ऐकवण्यासारखं नाही. त्या दिवशी तू रडत होतीस आणि मी खूश होते, आये. तुझा कामाला उपयोग संपला त्या दुपारी मला तू मिळालीस, आणि तुझ्या मांडीवर पडल्या पडल्या मी मनात म्हणत होते की हिचे पाय बरे होऊ नयेत.

तुझी नात मघापासून शेजारी येऊन बसलीय. मी नुसती कूस बदलली तरी ती माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरते.